पार्व्हो : एका नव्या रोगाचा आणि उसन्या विद्येचा इतिहास

१/
रोगांचा इतिहास म्हटला की प्लेग, देवी, पटकी ही जुनी नावे डोळ्यांपुढे येतात. हे शत्रू शतकानुशतके माणसाच्या सोबत राहिले. त्यांचा जन्म कोणी पाहिला नाही. पण आपल्या आईवडिलांच्या लहानपणी एक अगदी नवा रोग उद्भवला, दोनेक वर्षांत साऱ्या पृथ्वीवर पसरला, आणि त्याचा उगम शास्त्रज्ञांना जवळजवळ समक्ष पाहता आला. कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा 'पार्व्हो' हा तो रोग. आजचा थ्रेड त्याच्या इतिहासाचा आणि त्यातून पिल्ले वाचवण्याच्या धडपडीचा. #थ्रेड #इतिहास

२/
आरंभी एक कोडे. या विषाणूला नेमके गाठून संपवणारी गोळी आजही कोणाकडे नाही. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्ले दगावतात. काही नोंदींत हे प्रमाण ९१ टक्क्यांपर्यंत गेले आहे. मात्र वेळेवर आणि नेटाने उपचार झाले तर दहांपैकी आठ-नऊ पिल्ले वाचू शकतात. रोग तोच, रामबाण औषध नाही हेही खरे. मग एवढा फरक पडतो कशाने? याचे उत्तर इतिहासात आहे. या रोगाशी लढण्याची जवळजवळ सगळी शस्त्रे दुसऱ्या रोगांच्या लढाईतून उसनी आणलेली आहेत.

३/
इ. स. १९७८. अमेरिकेतील कुत्र्यांच्या प्रदर्शनांतून आणि पैदास केंद्रांतून सारख्याच तक्रारी येऊ लागल्या. कालपर्यंत बागडणारे पिल्लू अन्न सोडते, मलूल होते, ओकू लागते. मग उग्र वासाचे, रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत सारे संपते. याच्या जोडीने आणखी एक चमत्कारिक प्रकार दिसला. काही आठवड्यांची, दिसायला धडधाकट पिल्ले कोणतेही पूर्वलक्षण न दाखवता एकाएकी कोसळून मरत. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या स्नायूला इजा झालेली आढळे. पशुवैद्यकांना डिस्टेंपर ठाऊक होता, जंतांचे जुलाब ठाऊक होते. हे काहीतरी निराळे होते.

४/
न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठाची बेकर इन्स्टिट्यूट आहे. प्राण्यांच्या रोगांवर संशोधन करणारी ही संस्था १९५० साली स्थापन झाली. तेथे लेलँड कार्माइकल आणि मॅक्स अॅपल हे दोघे कुत्र्यांच्या विषाणूंचे जाणकार होते. आजारी कुत्र्यांच्या विष्ठेचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाचे गोलसर कण दिसले. विषाणूंच्या दुनियेतही हा आकार अत्यंत लहान. 'पार्व्हस' या लॅटिन शब्दाचा अर्थच लहान. त्यावरून या कुळाला पार्व्होव्हायरस हे नाव पूर्वीच मिळालेले होते. कुत्र्यांमधला याच कुळातला एक सौम्य विषाणू १९६७ मध्ये सापडला होता, म्हणून नवा पाहुणा 'प्रकार २' ठरला.

५/
कार्माइकल आणि अॅपल यांच्या जोडीला याच विद्यापीठातील फ्रेड स्कॉट होते, आणि ते होते मांजरांच्या रोगांचे तज्ज्ञ. कुत्र्यांच्या साथीत मांजरांच्या वैद्याचे काय काम? कारण असे की हे कण ओळखीचे वाटत होते. मांजरांना होणारा पॅनल्यूकोपेनिया नावाचा जीवघेणा रोग शास्त्रज्ञांना १९२० च्या दशकापासून ठाऊक होता. त्यातही उलट्या, जुलाब आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची भयंकर घट. कुत्र्यांतला नवा विषाणू मांजरांच्या विषाणूचा इतका जवळचा नातलग निघाला की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही पकडत. हेच नाते पुढे हजारो पिल्लांच्या उपयोगी पडले.

६/
आता इतिहासाच्या अभ्यासकांना विशेष भावेल असा भाग. बखर उत्तरकालीन असेल तर आपण समकालीन कागद शोधतो. विषाणुशास्त्रज्ञांनीही तेच केले. त्यांचे दप्तरखाने म्हणजे प्रयोगशाळांची शीतकपाटे. दुसऱ्याच कामासाठी साठवून ठेवलेले कुत्र्यांचे जुने सीरम त्यांनी बाहेर काढले आणि त्यात या विषाणूची प्रतिपिंडे आहेत का ते तपासले. १९७० च्या दशकाच्या आधीच्या नमुन्यांत काही सापडेना. १९७४ ते १९७६ या काळातल्या ग्रीस, बेल्जियम आणि नेदरलँड्स येथील काही नमुन्यांत मात्र खुणा मिळाल्या. आणि १९७८ मध्ये अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया येथील नमुन्यांत त्या एकदमच उमटल्या.

७/
म्हणजे साथीचा भडका उडण्यापूर्वी तीन-चार वर्षे हा विषाणू युरोपात मुकाट्याने वावरत होता. तो आला कोठून? मांजरांचा विषाणू आणि हा विषाणू यांची जनुकीय संहिता ९८ टक्क्यांहून अधिक सारखी आहे. सारी संहिता जेमतेम पाच हजार अक्षरांची. तिच्यातील मोजक्या बदलांनी विषाणूच्या कवचाची ठेवण पालटली आणि कुत्र्यांच्या पेशींचे दार त्याला उघडले. मांजरांच्या लशीतूनच तो निसटला असावा असाही संशय तेव्हा घेतला गेला. पुढील जनुकीय तुलनेत त्याला आधार मिळाला नाही. कोल्ह्यासारख्या एखाद्या रानटी मांसाहारी प्राण्यातून तो आला असावा, या तर्काकडे अभ्यासकांचा कल राहिला.

८/
हे 'दार' म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा ट्रान्सफेरिन ग्राहक. रक्तातून लोह आत घेण्यासाठी पेशी त्याचा उपयोग करते. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना लोह अधिक लागते, म्हणून त्यांच्यावर ही दारेही अधिक असतात. शिवाय या चिमुकल्या विषाणूकडे स्वतःची प्रत काढण्याची यंत्रणा नाही. विभागत असलेल्या पेशीची यंत्रणा तो वापरतो. त्यामुळे शरीरात जेथे जेथे पेशींची जोमदार वाढ चालू असते तेथेच त्याचा घाला पडतो. पिल्लू म्हणजे तर नुसती वाढच. हा रोग पिल्लांनाच अधिक का ग्रासतो, याचे एक कारण येथे आहे.

९/
पसरण्याचा त्याचा वेगही समजून घ्यावा. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून विषाणू अफाट संख्येने बाहेर पडतो. त्याला स्निग्ध आवरण नसल्याने साबण, ऊन-पाऊस, थंडी यांना तो सहजी दबत नाही. अनुकूल जागी जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. बुटाचा तळ, गाडीचे चाक, पिंजरा, खाण्याचे भांडे, सारीच त्याची वाहने. आजारी कुत्रा समोर यायलाच हवा असे नाही. १९७८ पर्यंत विमानप्रवास सर्वसामान्य झाला होता. प्लेगला जहाजातून खंड ओलांडायला महिने लागत. पार्व्होला विमानाच्या तळघरातला एक पिंजरा पुरला.

१०/
तो रानातही शिरला. अमेरिकेतील सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचे बेट आहे. तेथील लांडगे आणि मूस यांचा अभ्यास १९५८ पासून अखंड चालू आहे. १९८० मध्ये या बेटावर ५० लांडगे होते. १९८२ मध्ये उरले १४. लांडग्यांच्या रक्तात पार्व्होची प्रतिपिंडे सापडली. मुख्य भूमीवरून कोणाच्या तरी पाळीव कुत्र्याबरोबर हा विषाणू बेटावर पोहोचला असावा, असे मानले जाते. शिकारी घटताच मूस वाढले आणि झाडोऱ्यावर ताण आला. बेटावर पोहोचलेल्या एका रोगाने साऱ्या रानाची घडी विसकटली.

११/
भारतही दूर राहिला नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभीच मद्रासच्या पशुवैद्यकांनी या रोगाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पुढे तो देशभर इतका स्थिरावला की आज महाराष्ट्रात श्वानपालकांच्या तोंडी 'पार्व्हो' हा शब्द मराठीसारखाच रुळला आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची मोठी संख्या, लशीविना वाढणारी पिल्ले आणि वर्षभर चालणारे प्रजनन यांमुळे विषाणूला येथे नव्या यजमानांची वाण कधी पडत नाही.

१२/
पहिली उसनवारी : मांजरांची लस. १९७८-७९ मध्ये कुत्र्यांसाठी लस नव्हती आणि साथ थांबत नव्हती. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाची लस मात्र तयार होती. नातलग विषाणूवरची लस चालून जाईल, या विचाराने पशुवैद्यकांनी ती कुत्र्यांना टोचायला सुरुवात केली. मागणी इतकी वाढली की लशीचा तुटवडा पडला. एडवर्ड जेनरने १७९६ मध्ये गाईच्या देवीने माणसाच्या देवीला अडवले होते. त्याच युक्तीची ही नवी आवृत्ती. संरक्षण पूर्ण आणि दीर्घकाळ टिकणारे नव्हते, पण अगदी निःशस्त्र असण्यापेक्षा ते पुष्कळ बरे होते.

१३/
दरम्यान कार्माइकल आणि अॅपल यांनी कुत्र्यांच्याच विषाणूला प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून दुबळे केले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यापासून जिवंत, दुर्बलित लस सिद्ध झाली. नव्या रोगाची ओळख पटल्यापासून अवघ्या दोन-तीन वर्षांत लस! विषाणू मात्र स्वस्थ बसला नव्हता. मूळ प्रकाराची जागा १९७९-८० च्या सुमारास '२ए' या रूपाने घेतली, १९८४ मध्ये '२बी' आढळले, २००० मध्ये इटलीत '२सी' दिसले. नव्या रूपांनी गमावलेली एक कलाही परत मिळवली : ती मांजरांनाही बाधू लागली. सुदैवाने आजच्या लशी या सर्व रूपांविरुद्ध चांगले संरक्षण देतात.

१४/
लस आली तरी एक कूट उरले. वेळेवर लस टोचलेली काही पिल्लेही दगावत होती. दोष कोणाचा? उत्तर सापडले आईच्या चिकात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी चिकातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे मिळतात आणि तीच त्याचे कवच होतात. दर दहा दिवसांनी त्यांचे प्रमाण साधारण निम्मे होते. एक वेळ अशी येते की उरलेली प्रतिपिंडे खऱ्या विषाणूला अडवायला अपुरी, पण लशीतल्या दुबळ्या विषाणूला निकामी करायला पुरेशी असतात. या काही आठवड्यांच्या फटीत लस वाया जाते आणि रोग मात्र शिरतो.

१५/
ही फट प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेळी उघडते, कारण आईकडून मिळालेले भांडवल प्रत्येकाचे वेगळे. म्हणून एका टोचणीवर विसंबता येत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस द्यावी आणि शेवटची मात्रा पिल्लू किमान १६ आठवड्यांचे झाल्यावर पडावी, हा आजचा जगन्मान्य नियम या संशोधनातून आला आहे. 'दोन इंजेक्शने झाली, आता काळजी नाही' असे म्हणून मालिका अर्धवट सोडणे धोक्याचे का, हे यावरून कळेल.

१६/
आता उपचाराकडे वळू. त्यासाठी आधी शरीरात काय घडते ते पाहू. तोंडावाटे शिरलेला विषाणू प्रथम घशातील लसिका ऊतींत वाढतो, तेथून रक्तात उतरतो आणि तीन ते सात दिवसांत आतड्याला भिडतो. आतड्याच्या आतील रसांकुरांवरच्या पेशी सतत झिजतात. त्यांची जागा घेणाऱ्या नव्या पेशी तळाच्या खळग्यांत जन्म घेतात. विषाणू नेमका या खळग्यांवर तुटून पडतो. नवी भरती बंद, जुन्या पेशी झिजून गेलेल्या. आतड्याचे अस्तर उघडे पडते. पाणी, क्षार, रक्त बाहेर वाहू लागते.

१७/
त्याच वेळी दुसरी आघाडी अस्थिमज्जेत उघडते. पांढऱ्या पेशी तयार करणारे केंद्रच मोडल्याने शरीराचे सैन्य आटते. आतड्यातले एरवी निरुपद्रवी जिवाणू उघड्या अस्तरातून रक्तात घुसतात आणि त्यांना अडवायला कोणी नसते. पिल्लू पुष्कळदा मरते ते पाणी आटल्याने आणि रक्तात जंतू शिरल्याने. यातच आशेचे बीजही आहे. खळग्यांतील काही पेशी शिल्लक राहतात आणि थोड्या दिवसांत अस्तर पुन्हा उभे करतात. शरीरही साधारण आठवड्याभरात स्वतःची प्रतिपिंडे बनवते. प्रश्न एवढाच की पिल्लू तोवर तग धरील का?

१८/
दुसरी उसनवारी : पटकीचे सलाइन. इ. स. १८३१-३२ मध्ये बंगालकडून निघालेली पटकीची साथ ब्रिटनमध्ये पोहोचली होती. विल्यम ओ'शॉनेसी या अवघ्या बाविशीतल्या वैद्याने रुग्णांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार नाहीसे झालेले आहेत. हाच ओ'शॉनेसी १८३३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणारे तारायंत्राचे जाळे त्यानेच उभारले. तारायंत्राचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो. सलाइनच्या इतिहासातले त्याचे स्थान आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

१९/
त्याच्या निष्कर्षावरून स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉ. थॉमस लाटा याने १८३२ मध्ये मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. पहिली रुग्ण एक वृद्ध स्त्री. सहा पाइंट द्रव आत गेला, तिची नाडी परतली, चेहऱ्यावर तरतरी आली. लाटा थकून विश्रांतीला गेला. जुलाब चालूच होते, द्रव देणे मात्र थांबले. ती पुन्हा खालावली आणि काही तासांत गेली. पार्व्होच्या प्रत्येक पिल्लाला लागू पडणारा धडा हाच आहे : एकदा सलाइन चढवून भागत नाही, जेवढे जाते तेवढे सतत भरून काढावे लागते.

२०/
पुढे १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन पटकीचा मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणला. जंतू मारण्याआधी पाणी भरून काढा, हे सूत्र त्यातून जगाला पटले. पार्व्होच्या पिल्लात मात्र एक अडचण असते : सततच्या उलट्यांमुळे तोंडाने दिलेले टिकत नाही. म्हणून शिरेतून सलाइन, त्यात गरजेप्रमाणे ग्लुकोज आणि पोटॅशियम, रक्तात शिरलेल्या जिवाणूंसाठी प्रतिजैविक आणि उलट्या थांबवणारे औषध, असा उपचाराचा पाया ठरला. प्रतिजैविक विषाणूला मारत नाही. ते मागच्या दाराने शिरलेल्या चोरांसाठी असते.

२१/
लंघन हे परम औषध, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. पशुवैद्यकही दीर्घकाळ तेच करत. उलट्या पूर्ण थांबेपर्यंत पिल्लाच्या पोटात काही घालायचे नाही, असा प्रघात होता. दक्षिण आफ्रिकेतील ऑन्डरस्टेपूर्ट येथील पशुवैद्यकांनी ३० पिल्लांवर याची परीक्षा घेतली आणि निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना नाकातून घातलेल्या बारीक नळीने पहिल्या दिवसापासून पातळ अन्न दिले, काहींना जुन्या रीतीने उपाशी ठेवले. अन्न मिळालेली पिल्ले लवकर सुधारली आणि त्यांचे वजनही वाढले. आतड्याच्या पेशींना त्यांचे पोषण बऱ्याच अंशी आतूनच मिळते. उपास त्यांचीही उपासमार करतो.

२२/
तिसरी उसनवारी : घटसर्पाचा सीरम. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की एका प्राण्याच्या रक्तातील संरक्षण दुसऱ्याला देता येते. पार्व्होतही हा प्रयत्न झाला. बऱ्या झालेल्या कुत्र्यांचा रक्तद्रव लहान मात्रेत देऊन पाहिला तेव्हा अपेक्षित लाभ दिसला नाही. पण विचार मरत नाहीत. नेमकी एकच प्रतिपिंडे प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणात बनवण्याचे तंत्र आले आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने पार्व्होवरील अशा प्रतिपिंडांच्या इंजेक्शनला सशर्त मान्यता दिली. ती विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वीच अडवतात. अर्थात सलाइन आणि शुश्रूषा यांची गरज त्यांनी संपलेली नाही.

२३/
मग पिल्लू वाचण्याची शक्यता किती? टेक्सासमधील ऑस्टिन शहरात 'ऑस्टिन पेट्स अलाइव्ह' ही संस्था बेवारस पिल्लांसाठी पार्व्होचा स्वतंत्र विभाग चालवते. २००८ ते २०१९ या काळात तेथे ५,१२७ कुत्र्यांवर उपचार झाले, त्यांपैकी ८६.६ टक्के वाचले. झालेल्या मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या पाच दिवसांत झाले. तो टप्पा ओलांडणाऱ्यांची जगण्याची शक्यता ९६ टक्क्यांच्या पुढे गेली. दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात असेही आढळले की उपचार सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांत पांढऱ्या पेशी वाढू लागल्या तर ते बरे होण्याचे चांगले लक्षण असते. म्हणून वैद्य पुन्हा पुन्हा रक्त तपासतात.

२४/
आणि ज्यांना दवाखान्यात पाच-सहा दिवस ठेवण्याचा खर्च झेपत नाही त्यांचे काय? अनेक वर्षे याचे उत्तर एकच असे : पिल्लाला दयामरण. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यकांनी यावर मार्ग शोधला. २० पिल्लांना दवाखान्यातले पूर्ण उपचार दिले. दुसऱ्या २० जणांना आरंभी शिरेतून सलाइन देऊन स्थिर केले आणि पुढे कातडीखाली सलाइन, दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक आणि उलटीवरचे इंजेक्शन एवढ्यावर ठेवले. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पहिल्या गटातली १८ वाचली, दुसऱ्यातली १६. गट लहान होते हे खरे, पण पैसा नाही म्हणजे आशा नाही हे समीकरण त्याने मोडले. एवढे ध्यानात असू द्या की हे 'घरगुती उपचार' रोज वैद्याच्या देखरेखीखाली झाले होते.

२५/
या इतिहासाचा आजचा उपयोग थोडक्यात. पिल्लू अन्न सोडून मलूल झाले, ओकू लागले, तर रक्ताचे जुलाब दिसण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या, कारण घड्याळ तेव्हाच सुरू झालेले असते. इतर कुत्र्यांपासून त्याला वेगळे ठेवा. फिनेलवर भिस्त ठेवू नका. हा विषाणू त्याला दाद देत नाही. जागा आधी धुऊन काढावी, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे तरी राहू द्यावे. आणि लशींचे कार्ड आजच उघडून पाहा : शेवटची मात्रा १६ आठवड्यांनंतर पडली होती का?

२६/
शेवटी, तिसऱ्या पोस्टमधली ती एकाएकी कोसळणारी पिल्ले आठवा. हृदयावर घाला घालणारा हा प्रकार जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतो, कारण तेव्हा हृदयाच्या पेशी वेगाने विभागत असतात. १९७८ मध्ये कोणत्याच कुत्रीला या रोगाची ओळख नव्हती, म्हणून तिच्या चिकात पिल्लांसाठी काहीच नव्हते. आज बहुतेक कुत्र्यांच्या रक्तात लशीमुळे किंवा पूर्वीच्या संसर्गामुळे प्रतिपिंडे असतात आणि त्या कोवळ्या आठवड्यांत पिल्लाचे रक्षण होते. हृदयाचा पार्व्हो आता क्वचितच दिसतो. आतड्याचा मात्र अजून आपल्या गल्लीत आहे. ज्या घरी नवे पिल्लू आले असेल त्या घरापर्यंत हा थ्रेड पोहोचवा. (समाप्त)